आरोपी दोडका, आरोपी कारलं

काकांकडे पेरू घेऊन आलेला तो माणूस मी पाहिला, तेव्हा आम्हाला झाशीत येऊन महिनाही झाला नव्हता. चांगली टोपलीभर पेरू, वर हिरवी पानं. माणूस पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, गोड बोलणारा. "साहब, बगीचे के अमरूद हैं. बच्चों के लिए."

काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, स्वतः समोर वेताच्या मोढ्यावर बसले आणि म्हणाले, "खाइए."

"मैं?"

"आप. टोकरी अंदर जाएगी नहीं. यहाँ छोड़ने दूँगा नहीं. और वापस ले गए तो गली कहेगी, वकीलसाहब ने आधे रख लिए. इसलिए खाइए."

त्या माणसाने सात पेरू खाल्ले. आठव्याला हात जोडले. "साहब, मुकदमा किसका है, इतना तो सुन लीजिए!"

"नाम मत लेना!" काका ओरडले. "नाम लिया तो एक टोकरी और मँगवाऊँगा."

उरलेले पेरू त्यांनी त्याच्याच हातून गल्लीतल्या शेळ्यांना खायला घातले. मी खिडकीच्या आड उभी राहून हे बघत होते आणि मनात म्हणत होते, कुठल्या घरात आपण येऊन पडलो!

काका म्हणजे आमचे घरमालक, आणि जिल्ह्याचे फौजदारीकडचे सरकारी वकील. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून गुरसरायच्या जहागिरीत कारकुनी करायला आले ते इकडचेच झाले. आम्हाला ते "तुम्ही दक्षिणेतली माणसं" म्हणत, जसं काही सातारा परदेशात आहे. घरात मराठी होती, पण जुनी, आणि तिच्यात हिंदीचे खडे. काकू सैपाकघरात असेपर्यंत मराठीत असायच्या; भांडण सुरू झालं की सरळ हिंदीत शिरायच्या.

आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर. माझी शाळा धाकट्या भावंडांपायी पाचवीलाच सुटलेली. लग्न होऊन एवढ्या लांब आले, तेव्हा भाजीवाला काय म्हणतो ते मला कळायचं नाही, आणि नळावर बायका हसल्या की वाटायचं, आपल्यालाच हसतात. तीन ठिकाणी आम्हाला घर नाकारलं होतं. काकांनी दोन खोल्या दिल्या त्या एकच प्रश्न विचारून.

"इथे तुमच्या ओळखीचं कोण आहे?"

"कोणी नाही," हे ओशाळून म्हणाले.

"मग या राहायला."

या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि कापून घ्यायची त्यांना भीती वाटत होती. कोर्टात मोठमोठ्या गुंडांना घाम फोडणारा माणूस, डोळ्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून मागच्या अंगणात जायचा. कागद वाचून दाखवायला मुन्शीजी होते, तीस वर्षांचे जुने. पण मुन्शीजी नाव वाचताना खोकायचे. आरोपी बड्या घरचा असेल तर एकदा, सत्तेतल्या पक्षाचा असेल तर दोनदा. काकांनी त्यांचं वाचन बंद करून टाकलं होतं.

मला तांदूळ निवडताना पुडीचा कागद मोठ्याने वाचायची सवय होती. घरात आवाज राहावा म्हणून. एक दिवस काका दारात येऊन उभे राहिले.

"हिंदी वाचतेस?"

"वाचते. सगळी कळत नाही, काका."

"कळायची गरज नाही. तुला इथलं कोणी माहीत नाही. अशी वाचणारी मला जन्मात मिळाली नाही, सूनबाई."

पद्धत त्यांची स्वतःची होती. पोलिसांच्या कागदांच्या नकला घरी येत. मी त्या वाचायच्या, पण नाव आलं की नाव घ्यायचं नाही. जात नाही, बापाचं नाव नाही, मोहल्ला नाही. आधी त्यांनी नावांऐवजी आकडे लावून पाहिले होते, पण कलमांचे आकडे आणि आरोपींचे आकडे यांची खिचडी व्हायला लागली. शेवटी काकूच ओसरीवरून वैतागून म्हणाल्या, "दोडका म्हणा, भोपळा म्हणा, पण संपवा एकदाचं! सैपाक खोळंबलाय." काकांना ते फार पटलं. तेव्हापासून आरोपी म्हणजे भाज्या, आणि फिर्यादी-साक्षीदार म्हणजे भांडी.

मग आमच्या बैठकीत असं चालायचं, की पातेलं जबाब देतंय, दोडक्याने मला काठी मारली आणि पडवळ लांब उभं राहून बघत होतं. आणि काका डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून विचारायचे, "पडवळाच्या हातात काही होतं, असं पातेल्यानं पहिल्या जबाबात म्हटलंय का?" मी कागद चाळून सांगायचे, "नाही, काका. दुसऱ्या जबाबात आलंय." "हं. दुसऱ्यात आलं. कुणीतरी शिकवलं पातेल्याला."

पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. मग ते थांबलं, कारण पडवळ तुरुंगात जातं की घरी, हे त्या आठ्यांवर ठरत होतं.

मोर्चाचे, मारामारीचे खटले असले की आणखी नियम. "झेंडा म्हण, रंग म्हणू नकोस. घोषणा दिल्या एवढंच म्हण, कुणाचा जयजयकार केला ते नको." वाचून झालं की तीन दिवस काका त्यावर बोलत नसत. लोणच्यासारखं मुरलं पाहिजे म्हणत. तिसऱ्या दिवशी सुताराच्या जाड पेन्सिलीने, बोटभर मोठ्या अक्षरांत स्वतः मसुदा लिहायचे: हा खटला चालवण्यासारखा आहे, हा नाही. मसुदा संपल्यावरच मुन्शीजींना आत बोलावून विचारायचे, "हां, अब बताइए. दोडका कौन है?"

एकदा दोडका गुरसरायचा त्यांचा सख्खा चुलतभाऊ निघाला. मुन्शीजींनी नाव सांगितलं आणि पाणी आणायला म्हणून निघून गेले. काका बराच वेळ पेन्सिल टोकत बसले. मसुदा बदलला नाही. त्या वर्षी लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीला काकू ओटी भरायला गेल्या, तेव्हा जावेने त्यांच्याकडे पाठ फिरवली. काकू घरी येऊन म्हणाल्या, "तुम्हारे दोडके की बीवी ने मुँह फेर लिया." काका म्हणाले, "फिरवू दे. तिचा हक्क आहे."

मी एकदा धीर करून विचारलं होतं, की शेवटी निकाल तर जजसाहेबच देतात, मग एवढं कशाला? ते म्हणाले, "जजच्या आधी मी असतो, सूनबाई. कुणावर खटला चालवायचा, कुणाचा मागे घ्यायचा, याच्यावर सही माझी. जज चारचौघांत बसतो, मी या खोलीत बसतो. इथे मला बघणारं कोणी नाही. एकाच दगडाला एकाच्या हातात खून करायचा प्रयत्न म्हणतात आणि दुसऱ्याच्या हातात तरुणपणाचा जोश. मी पाहिलंय. मी स्वतः केलंय, तुझ्या वयाचा होतो तेव्हा." काय केलं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

माझ्यासाठी एकच नियम होता. ओळखीचं नाव आलं तर कागद खाली ठेवायचा आणि उठायचं. कारण सांगायचं नाही. कुठल्या बाजूचं ओळखीचं, तेही नाही. "तू उठलीस की मी समजेन. दुसरा वाचणारा बघेन."

चार वर्षांत माझ्यावर कधी उठायची वेळ आली नाही. त्या चार वर्षांत मी शिकले किती! शब्द अडला की काका थांबून अर्थ सांगत, दुसऱ्या दिवशी विचारत. आज मी चार ओळी धड लिहिते, ते त्यांच्यामुळे. हे कृतज्ञतेने लिहिते आहे, आणि पुढचं लिहायचं आहे म्हणूनही आधी हे लिहिते आहे.

त्या शहरात मला एकच माणूस आपला झाला होता. यांच्याबरोबर कारखान्यात काम करणारा रामसेवक. पहिल्या थंडीत मला विषमज्वर झाला. हे लाइनवर गेलेले, काका कोर्टात, काकू देवळात. रामसेवक यांचा राहिलेला डबा परत द्यायला आला होता. त्याने मला पाहिलं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा ठेला ओढून आणला, मला त्यावर निजवलं आणि रेल्वेच्या दवाखान्यापर्यंत पळत ढकलत नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं. तेव्हापासून मी त्याला राखी बांधायचे. माझे सख्खे भाऊ सातशे मैलांवर, हा दर राखीला शेंगदाण्याची चिक्की घेऊन यायचा आणि म्हणायचा, "जिज्जी, हमाई तरफ से इत्तोई." माझ्याकडून एवढंच, म्हणायचा.

मग रेल्वेचा संप झाला. यार्डाच्या फाटकाशी जमावाने इंजिन अडवलं, दगड आले, एका फायरमनचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी सत्तेतल्या पक्षाचे लोक काठ्या घेऊन संपकऱ्यांच्या क्वार्टरांत शिरले आणि एका म्हाताऱ्या खलाशाचा, म्हणजे कारखान्यातल्या मजुराचा, पाय मोडून गेले. दोन्हीकडे धरपकड झाली. फाटकाच्या प्रकरणात रामसेवकला उचलला. पक्षाचे लोक दोन दिवसांत जामिनावर सुटले. रामसेवक आतच राहिला. आमचे हे संपात होते, पण त्या दिवशी तापाने घरी पडले होते, म्हणून वाचले.

दोन्ही फायली एकाच दिवशी घरी आल्या. त्याच सकाळी कलेक्टर कचेरीतला एक बाबू येऊन गेला होता. ओट्यावरूनच म्हणाला, "साहब, ऊपर से इशारा है. एक फाइल वापस लेनी है, एक चलानी है."

"इशारा लिखकर लाओ."

"लिखकर कौन देगा, साहब?"

"तो फिर मुझे दिखा नहीं. मोतियाबिंद है."

दुपारी मी वाचायला बसले. पहिली फाईल फाटकाची. आरोपी सात. पाचवं नाव रामसेवकचं.

मी उठायला हवं होतं. माझे पाय खरंच हलले होते. पण वाटलं, मी उठले तर हे कोण वाचेल? मुन्शीजी? ते दोनदा खोकतील. आणि खरं सांगायचं, तर मला आत काय लिहिलंय ते बघायचंच होतं. मी म्हणाले, "पाचवा आरोपी, कारलं," आणि माझा आवाज चिरकला.

"घसा बसलाय?" काका म्हणाले.

"सर्दी आहे."

त्यांनी काकूंना हाक मारून मला आल्याचा काढा करून द्यायला लावला. तो काढा पीत पीत मी सगळं वाचलं. एका शिपायाचा जबाब होता. इंजिनाच्या वाफेत, शंभर पावलांवरून त्याने सातहीजणांना नावानिशी ओळखलं होतं. दुसरी फाईलही वाचली. तिच्यात तो पाय मोडलेला माणूस म्हणजे आमचं तपेलं. साक्षीला तीन शेजारी आणि डॉक्टरांचा कागद. काकांनी दोन्हीकडे चार-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "ठेव. मुरू दे."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चार वर्षांत कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रामसेवकची बायको आली. कडेवर पोर, पायात चप्पल नाही. "अब का हुइए, जिज्जी? आप तो साहब के घर में रहती हो." मी तिला चहा दिला, पोराला गूळ दिला. मी फाईल वाचलीय हे सांगता येत नव्हतं. ती गेल्यावर यांना म्हटलं, मी काकांशी बोलते. हे उसळलेच. "तोंड उघडू नकोस. पेरूवाल्याचं काय केलं, विसरलीस? ते कुणाचं ऐकत नाहीत."

माझ्या मनात आलं, माझं ऐकतील. घाबरट माणसालाही असा गर्व असतो. चार वर्षं मी त्यांचे डोळे झाले होते. मी पेरूवाला नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात उन्हात सुपारी कातरत बसले होते, मुन्शीजी ओसरीवर नकला लावत होते. मी चहा ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसले.

"काका, ते कारलं..."

"कुठलं कारलं?"

"परवाच्या फायलीतलं. तो माझा राखीचा भाऊ आहे, काका. त्याने मला ठेल्यावर घालून दवाखान्यात नेलं, म्हणून मी जिवंत आहे. तो दगड मारणारा माणूस नाही. पोर लहान आहे त्याचं. तुम्ही एवढं..."

त्यांचा हात वर झाला होता, पण मी थांबले नव्हते. अडकित्ता त्यांच्या मांडीवर तसाच उघडा होता. तो मिटत ते म्हणाले, "तू त्या दिवशी उठली नाहीस."

"चुकले, काका."

"नाही उठलीस, तेही चाललं असतं. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आता मी तो खटला मागे घेतला, तर कशासाठी घेतला, सूनबाई? पुराव्यासाठी, की तुझ्यासाठी? आणि चालवला, तर तुझ्यासाठी मागे घेतला नाही हे स्वतःला दाखवायला चालवला, असं होईल. दोन्हीकडून मी कामातून गेलो."

"मी काही बोललेच नाही असं समजा."

"कोर्टात सांगता येतं, हे कागदावरून काढा म्हणून. डोक्यातून कसं काढायचं, ते तू सांग."

त्याच दिवशी त्यांनी कलेक्टरांना लिहून दिलं, की या दोन्ही प्रकरणांतून मी बाजूला होतो. दोन्ही का? एकाच भांडणाच्या दोन बाजू, एक सोडून दुसरी धरता येत नाही म्हणून. कारण लिहिलं नाही. माझं नाव कुठे आलं नाही. फायली त्यांच्या हाताखालच्या वकिलाकडे गेल्या. त्याला इशारा लिहून लागत नव्हता. महिन्याभरात म्हाताऱ्याचा पाय मोडणाऱ्यांचा खटला लोकहितासाठी मागे घेतला गेला आणि फाटकाचा उभा राहिला. काकांची मुदत त्या वर्षी वाढवली नाही. कारण दिलं, दृष्टी अधू.

काकू माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझ्यावर नाही गं रागावले. यांच्यावर. यांना आपले हात धुतलेले हवेत. ते पाणी कुणाच्या अंगणात गेलं, हे बघायला डोळे कुठायत?" काका आतून ऐकत असावेत. काकूंचं हे बोलणं मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. कधी वाटतं, ते त्या एका सकाळपुरतं स्वतःला विसरले असते तर सातजण सुटले असते. मग वाटतं, विसरणारे असते तर ते पेरूही घरात गेले असते.

काम गेल्यावर काकांनी डोळे कापून घेतले. आता भीती वाटायचं कारण उरलं नाही म्हणाले. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "मला वाटलं होतं तू उंच असशील." पुढच्या दिवाळीआधी काकूंनी जुने कागद रद्दीत काढायला मला बसवलं. त्यांत एका पुठ्ठ्यात मोठ्या अक्षरांतला मसुदा सापडला. तारीख होती दुसऱ्या दिवसाची. मी बोलायच्या आदल्या दिवसाची. तीन दिवस मुरू द्यायचा त्यांचा नियम. या एका खटल्यात त्यांनी दोनच दिवसांत लिहून टाकलं होतं.

"कारलं, दोडका वगैरे सातजणांविरुद्ध पुरावा एका शिपायाचा, आणि तो विश्वास ठेवण्यासारखा नाही. खटला मागे घेण्यात यावा. तपेल्याच्या प्रकरणात पुरावा भक्कम. तो चालवण्यात यावा." खाली सही. नावं भरायची तेवढी राहिली होती.

मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि हात पुढे केला. "दे इकडे."

"फाडला का नाहीत, काका?"

"चांगला मसुदा होता गं," ते म्हणाले. "तसा पुन्हा जमला नाही."

एवढंच. मला दोष दिला नाही, माफही केलं नाही. नंतरची दोन वर्षं मी त्यांना फक्त वर्तमानपत्र वाचून दाखवलं. चष्म्याने त्यांना स्वतःला वाचता येत होतं तरी. मग एका हिवाळ्यात ते गेले.

फाटकाचा खटला नऊ वर्षं चालला. शिपाई उलटतपासणीत कोलमडला, सातहीजण सुटले. तोवर रामसेवकची नोकरी गेली होती, थोरल्या पोरीची शाळा सुटली होती, आणि तो समथरच्या बाजारात सायकलींची पंक्चरं काढत होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे पेढे घेऊन आला. केस पांढरे झालेले. आधी यांच्या पाया पडायला वाकला, यांनी त्याला वरच्यावर धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जिज्जी, मुन्शीजी ने सब बता दओ. पूरे शहर में हमाए लाने एक तुमईं ने मुँह खोलो. बच्चन से रोज कहत हैं, बुआ कौ जौ अहसान कभऊँ न भूलियो."

आपल्यासाठी सगळ्या शहरात मी एकटीच बोलले, म्हणाला. मुलांना रोज सांगतो, आत्याचे हे उपकार विसरू नका.

हे माझ्याकडे बघत होते. मसुद्याचं यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, आणि रामसेवकने हसत त्यात पेढा घातला.